रिकाम्या कचेरींतील वीज

सायंकाळीं कचेरी सुटते. शेवटचा मनुष्य दाराजवळचीं बटणें दाबून दिवे व पंखे बंद करतो आणि काटकसरीचें कर्तव्य पार पडलें अशा समाधानानें जिना उतरूं लागतो. मागें अंधारांत मेजांवरील संगणक मात्र जागेच असतात. संगणकांपायीं होणाऱ्या विजेच्या अपव्ययाचा फार मोठा भाग काम चालू असतांना होत नाहीं. तो काम संपल्यावर होतो.

हिशेब सोपा आहे. आठवड्याचे तास १६८. रोज ९ तासांप्रमाणें सहा दिवस कचेरी चालली, तर कामाचे ५४ तास भरतात. उरलेले ११४ तास खुर्ची रिकामी. एखादा जुना संगणक व त्याचा पडदा मिळून नुसते चालू राहण्यासाठीं ६० वॅट घेतात असें धरलें, तर या रिकाम्या वेळांत वर्षाला सुमारें ३५६ युनिटें खर्चीं पडतात. तोच संगणक निद्रावस्थेंत २ वॅटांवर आणला, कीं आंकडा १२ युनिटांवर येतो. शंभर मेजांच्या कचेरींत हा फरक ३४,००० युनिटांच्या वर जातो. शिवाय संगणकानें घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटीं उष्णता होऊन खोलींतच उतरते. वातानुकूलित जागेंत ती बाहेर काढण्यास पुन्हां वीज लागते. म्हणजे एकाच आळसाचें बिल दोनदां भरावयाचें.

निद्रावस्थेंत चालू कामाची स्मृति जिवंत राहील इतकीच वीज यंत्रांत खेळत राहते. बाकीचे बहुतेक भाग थांबतात. कळ दाबतांच काम होतें तेथून पुढें सुरू होतें. ही सोय नवी नाहीं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानें १९९२ सालीं ‘एनर्जी स्टार’ ही खूण सुरू केली, तेव्हां ती प्रथम मिळाली संगणकांना व त्यांच्या पडद्यांनाच. आणि रिकामें यंत्र आपोआप निजावें हीच त्यांतील मुख्य अट होती.

मग तीस वर्षांनंतरही यंत्रें जागीं कां? कांहीं समज याच्या आड येतात. पडद्यावर रंगीत मासे पोहूं लागले, म्हणजे वीज वांचते, असें कित्येकांस वाटतें. हीं चित्रें निघालीं तीं जुन्या कांचेच्या पडद्यांवर एकाच आकृतीचा कायमचा डाग पडूं नये म्हणून. माशांना पोहावयासही वीज लागतेच! दुसरा समज असा, कीं यंत्र पुन्हां सुरू करतांना फार वीज जाते. सुरू होतांना कांहीं मिनिटें खर्च वाढतो हें खरें. पण सबंध रात्रीच्या खर्चापुढें तो नगण्य आहे.

खरी अडचण निराळीच आहे. मेजावर बसणाऱ्यास बिल दिसत नाहीं. बिल भरणाऱ्यास मेज दिसत नाहीं. आणि संगणकांची देखभाल करणारे लोक रात्रीं दुरून सुधारणा पाठवावयाच्या म्हणून सर्वच यंत्रें चालू ठेवावयास सांगतात. त्यांची गरज खोटी नाहीं. परंतु निजलेल्या यंत्रास जाळ्यावरून संदेश पाठवून जागें करण्याची युक्ति १९९०च्या दशकापासून उपलब्ध आहे. ठरलेल्या घटकेस यंत्र जागवावें, सुधारणा उरकाव्या व पुन्हां निजवावें, इतकें पुरतें. यासाठीं भिंतीवर सूचनांचे कागद चिकटवण्यापेक्षां पंधरा-वीस मिनिटांनीं यंत्र निजावें अशी योजना एकाच ठिकाणाहून सर्व यंत्रांवर करणें बरें. कागद चार दिवसांनीं कोणी वाचीत नाहीं.

नवीन खरेदीच्या वेळीं लॅपटॉपचा विचार अवश्य व्हावा. त्याला विद्युत्घटावर तासन्‌तास तग धरावयाचा असतो, म्हणून त्याची घडणच काटकसरीची असते. साध्या लिहिण्यावाचण्याच्या कामास तो मेजावरील संगणकाच्या निम्म्याहूनही कमी विजेंत भागवतो. सर्व कचेरीची माहिती सांभाळणारें मुख्य यंत्र मात्र या नियमांतून वगळावें लागतें, कारण त्याची गरज कोणास कोणत्या घटकेस लागेल याचा नेम नसतो.