सत्तर वर्षांच्या मुदतीचे वचन

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपताना अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘वर्षाचे वचन’ मिळते. कुठे पाळक ते साऱ्या मंडळीसाठी जाहीर करतात, कुठे प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची असते. नवे वर्ष उजाडले की ही वचने फुलांच्या चित्रांसह मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांत यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले 11वे वचन हटकून सापडते. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचेच संकल्प आहेत, असा त्याचा आशय. परीक्षा, नोकरी, व्हिसा, लग्न, कशालाही ते लागू पडते. निदान लावले तरी जाते.

मुळात हा मजकूर एका पत्राचा आहे. इ.स.पूर्व 597 मध्ये नबुखद्नेस्सराने राजा यखन्या, त्याचे दरबारी आणि कारागीर यांना यरुशलेममधून बाबेलला नेले. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्यांना कळवले ते असे की, तिथेच घरे बांधावीत, बागा लावाव्यात, मुलाबाळांची लग्ने करावीत आणि ज्या शहरात बंदिवान म्हणून राहायचे त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करावी. परतीची मुदत 10व्या वचनात आहे: 70 वर्षे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांच्या नशिबी परतीची वाट नव्हती. चिठ्ठीवर 11वे वचन छापतात, 10वे नाही.

आधीचा 28वा अध्याय तर याहून अडचणीचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत सांगतो की, दोन वर्षांत सारे परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू तो मोडूनही टाकतो. लोकांना हवे ते बोलणारा हा हनन्या शास्त्रात खोटा ठरला. तेव्हा 11व्या वचनाचा अर्थ ‘यंदा काम होणार’ असा घेणारा वाचक शब्द यिर्मयाचे घेतो आणि निरोप हनन्याचा.

पान उघडून कौल घेण्याची ओढ जुनीच. 386 मध्ये मिलानच्या एका बागेत ऑगस्टीन यांनी पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील ज्या ओळींवर नजर पडली, त्यांनी त्यांचे आयुष्य पालटले. पुढे बिशप झाल्यावर मात्र शुभवर्तमानाची पाने उलटून संसारातल्या व्यवहारांचे निर्णय घेण्याची रीत आपल्याला पसंत नाही, असे त्यांनीच लिहिले. भुताखेतांना विचारण्यापेक्षा ते बरे, एवढीच सवलत दिली. 506 मधल्या आग्द येथील धर्मपरिषदेने असे कौल घेण्यास मनाई केली.

जर्मनीतल्या हेर्नहूट गावाने चिठ्ठी सोडून दिली नाही, तिला शिस्त लावली. 3 मे 1728 रोजी काउंट झिंझेनडॉर्फ यांनी तिथल्या मोरेव्हियन बांधवांना दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले. 1731 पासून वर्षभराच्या दैनिक वचनांचे पुस्तक निघू लागले. आज ते पन्नासहून अधिक भाषांत निघते. त्यात जुन्या करारातले वचन चिठ्ठीने निघते, पण त्याच्या जोडीचे नव्या करारातले वचन कोणीतरी विचार करून निवडतो. तपशील किरकोळ वाटला तरी कळीचा आहे. कोणतेही वचन एकटे सोडायचे नाही, शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावायचा, हे धर्मसुधारणेच्या काळातले तत्त्व या जोडणीत रोज पाळले जाते.

या पुस्तकाचे नित्य वाचक असलेले जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर जून 1939 मध्ये न्यूयॉर्कला होते. युद्ध तोंडावर आले होते आणि अमेरिकेत सुरक्षित राहण्याची सोय मित्रांनी केली होती. 26 जूनला तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटाकडची एक ओळ त्यांच्या वाचनात आली. हिवाळ्यापूर्वी येऊन जा, अशी पौलाची विनवणी. प्रसंग अगदी घरगुती आहे: कैदेतल्या पौलाला त्रोवस येथे राहिलेला झगा आणि पुस्तके हवी आहेत. बोनहॉफर यांनी ती ओळ स्वतःला लावून घेतली आणि हा शास्त्राचा गैरवापर नव्हे, असे दैनंदिनीत नोंदवले. जुलैत ते जर्मनीला परतले. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिले गेले.

संदर्भ सोडूनच तर त्यांनीही ओळ उचलली, असा आक्षेप येईल. पण एकट्या पडलेल्या कैद्याने सोबत्याला बोलावणे हाच त्या पत्राचा गाभा आहे आणि बोनहॉफर यांनी तो जपला. शिवाय परतण्याकडे त्यांचा कल आधीच झाला होता, आणि ती ओळ त्यांना सुखाच्या नव्हे, धोक्याच्या दिशेने नेत होती. वाचकाला हवे तेच नेमके सांगणाऱ्या वचनाची तपासणी अधिक कडक हवी. ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले आणि आधी-नंतर काय आहे, एवढे पाहायला निम्मा अध्याय वाचला तरी पुरतो.

दुसरे टोक म्हणजे सबंध शास्त्र क्रमाने वाचणे. डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मक्चेन यांनी 1842 च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी वाचनाचे कोष्टक आखले. रोज साधारण चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. ते आजही वापरात आहे. तारखेच्या मागे धावताना वाचन उरकण्यावर येते, हे मक्चेन यांना ठाऊक होते: कोष्टकासोबतच्या पत्रात त्यांनी फायद्यांच्या आधी धोके मांडले आहेत, आणि निष्काळजी वाचन व आत्मसंतोष हे त्यांतलेच.