अंगावर पित्त उठते तेव्हा

अंगावर पित्त उठले, शिंका सुरू झाल्या की घरात उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल घेण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. (या ‘पित्ता’चा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही.) ती कॅप्सूल जीवाणू मारते, ॲलर्जीत मारायला जीवाणूच नसतात. शरीरातील पेशी हिस्टामाइन हे द्रव्य सोडतात, त्यानेच खाज सुटते, नाक वाहते. अँटिहिस्टामिनिक गोळी हिस्टामाइनचा परिणाम अडवते. ताप उतरवणारे पॅरासिटामॉल वेगळे.

क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी गोळी मेंदूपर्यंत पोचते, म्हणून झोप येते. सेटिरिझिनने कमी, तरी काहींना येतेच. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी, यंत्रावर काम करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. दारूबरोबर तर मुळीच नको. मात्र श्वास कोंडला, जीभ सुजली तर गोळीवर विसंबू नये. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन लागते, ताबडतोब दवाखाना गाठावा.