अनेक संघ, एक खेडें

तेलघाण्याची पेंड गाईपुढें जाई, गाईचा गोऱ्हा पुढें घाण्यास जुंपला जाई, शाळेंतील मुलाच्या टकळीवर सूत निघे. खेड्यांत हीं कामें एकमेकांस धरून चालत. त्यांच्या उन्नतीचे संघ मात्र निरनिराळे होते: १९२५ चा चरखा संघ, १९३४ चा वर्ध्याचा ग्रामोद्योग संघ, सेवाग्रामचा तालीमी संघ, १९४१ चा गोसेवा संघ. मंडळें वेगळीं, हिशेब वेगळे; मेळ घालणारे मुख्यतः गांधीजी. ३० जानेवारी १९४८ रोजीं तो आधार तुटला. मार्चमध्यें कार्यकर्ते सेवाग्रामीं जमले. त्याच वर्षीं सर्व सेवा संघ स्थापन झाला आणि पुढें चरखा संघहि त्यांत विलीन झाला. अनेक कार्यांचा मेळ एका थोर पुरुषावर न सोंपवितां व्यवस्थेंतच बसवावा लागतो, हें त्यांतील मर्म होय.