स्टेअरिंग वळवताना आवाज येतोय? पंप बदलण्याआधी हे तपासा

वसई-विरारला पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की स्टेअरिंग ओरडायला लागतं, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. गॅरेजवाला "पंप गेला" म्हणाला तरी लगेच खर्च करू नका.

आधी गाडीत पंप आहे का बघा. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टेअरिंग असतं, त्यात पंपही नसतो आणि तेलही नसतं. जुन्या स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप तेलाचा दाब तयार करतो.

आता आवाज ओळखा.

चीं-चीं: बेल्ट ओला किंवा सैल आहे. सुकल्यावर थांबला तर पंप ठीक.

घूंऽऽ: बहुतेक वेळा तेल कमी होऊन आत हवा शिरलेली असते. डबीत फेस दिसला तर नक्कीच.

उपाय काय?

१. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलंच तेल खुणेपर्यंत भरा.

२. पुढची चाकं जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवा. इंजिन बंद, पण चावीने स्टेअरिंग लॉक उघडा.

३. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा हळू फिरवा. बुडबुडे निघतील, लेव्हल उतरेल, पुन्हा भरा.

लक्षात ठेवा, तेल आपोआप संपत नाही. पाईप आणि क्लिपांजवळ गळती शोधा. ती तशीच राहिली तर कोरडा फिरून चांगला पंपही खराब होतो, आणि भर हायवेवर स्टेअरिंग जड झालं तर ते धोक्याचं. एवढं करूनही घूंऽऽ थांबलं नाही, तरच पंपाकडे वळा.