धर्मोपदेशातला घरखर्च

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथावर इ. स. 400 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलचे बिशप योहान क्रिसोस्तोम यांनी 55 प्रवचने दिली. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीने मालमत्ता सामाईक केली, या भागावर त्यांनी चक्क हिशेब मांडला: शहरात ख्रिस्ती सुमारे 1 लाख, गरीब फार तर 50 हजार, आणि दहा मुले वेगळी राहिली तर दहा घरे, दहा चाकर लागणार, म्हणजे एकत्र राहणेच स्वस्त. मालमत्ता सामाईक करणे ही सक्ती झाली, असा आक्षेप निघू शकतो. पण शेत विकून काही रक्कम लपवणाऱ्या हनन्या या सभासदाला प्रेषित पेत्र बजावतो, की शेत तुझेच होते. गुन्हा होता तो खोटेपणाचा. शिवाय त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या अन्नवाटपावरून कुरकुर होते आणि सात माणसे नेमली जातात. रोजच्या संसाराला लागू पडतो तो असा तंटा-तोडग्याचा इतिहासच.