शहरी कचऱ्याचं खत बागेत घालावं का?

वेंगुर्ला नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली आणि ओल्या कचऱ्यापासून खत, बायोगॅस बनवून दाखवला. तेव्हापासून मला हमखास विचारलं जातं, "असलं खत आंबा-काजूला चालेल?" चालेल, पण कचरा आधीच वेगळा केलेला हवा.

आपल्या जांभ्या मातीतली अन्नद्रव्यं पावसात वाहून जातात. कंपोस्टमधला सेंद्रिय अंश पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतो.

ढीग काही दिवस ५५ अंशांच्या वर तापला की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. पण जुन्या बॅटरीतलं शिसं, कॅडमियम कुजत नाही. उलट ढीग आटतो, तसं त्यांचं प्रमाण वाढतं. चाळणीने प्लास्टिक निघेल, शिसं नाही. आणि आम्लधर्मी मातीत हे धातू मुळांना जास्त सहज मिळतात.

म्हणून खत घेताना तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत हवं. कार्बन-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी हवं. जास्त असेल तर खत कच्चं आहे, ते मातीतलंच नत्र ओढून घेतं.

आणि घरात एवढं पाळा: वापरलेले सेल ओल्या कचऱ्यात नकोत. मातीत गेलेलं शिसं सहजासहजी परत काढता येत नाही.