अंतर मोजणारा कॅमेरा

एक साधा प्रयोग करून पाहा. दोन्ही हातांत एकेक पेन्सिल आडवी धरा, हात पुढे करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलींची टोके एकमेकांना टेकवा. बहुधा नेम चुकेल. दोन्ही डोळे उघडे ठेवले की तेच काम सहज जमते. असे का?

आपल्या डोळ्यांत सुमारे ६ सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला वस्तू किंचित निराळी दिसते. या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली हे दाखवून दिले. साधा कॅमेरा मात्र एकाक्ष! त्याच्या चित्रात लांबी-रुंदी उरते, खोली हरवते.

ही खोली परत मिळवण्याचा एक उपाय म्हणजे प्रकाशालाच मोजपट्टी करणे. २०१३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या ‘किनेक्ट’ या खेळाच्या कॅमेऱ्यात हीच युक्ती होती. कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो.

आता थोडे गणित करू. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. भिंत ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे अवघे २० नॅनोसेकंद! चित्रातल्या प्रत्येक बिंदूसाठी इतके सूक्ष्म घड्याळ कोठून आणायचे?

त्यावर तोड अशी. प्रकाशाची तीव्रता सेकंदाला, समजा, २ कोटी वेळा कमी-जास्त करायची. अशा एका आवर्तनात प्रकाश १५ मीटर जातो. आपल्या भिंतीवरून परतलेली लहर ६ मीटर, म्हणजे दोन-पंचमांश आवर्तन, मागे पडलेली असेल. हे कलांतर मोजले की अंतर मिळाले.

पण हा कॅमेराही फसतो. भर उन्हात सूर्याच्या अवरक्त किरणांपुढे त्याचा प्रकाश फिका पडतो. स्वच्छ काचेतून प्रकाश आरपार जातो. केवळ त्याच्या भरवशावर चालणारा यंत्रमानव काचेच्या दारावर आदळेल! म्हणून अशा यंत्रांना ध्वनिलहरींसारख्या दुसऱ्या साधनांचीही जोड देतात. कोणतेही मापन त्याच्या मर्यादा ओळखूनच वापरावे, हा धडा प्रयोगशाळेतल्या मोजपट्टीलाही लागू आहे.

जाता जाता एक प्रश्न. वरील कॅमेऱ्यापुढे भिंत ८.५ मीटरवर असेल, तर त्याला ती किती दूर भासेल? उत्तर ‘१ मीटर’ असे आले तर दचकू नका. ते का आले, याचा विचार करा.